सरकीसाठी भिंत

आवाज आला नाही म्हणून मी थांबले. एका पायात शाळेचा मोजा, दुसरा हातात, रिबन दातांत धरलेली, आणि एकदम लक्षात आलं की खोलीत काहीतरी कमी आहे. रोज या वेळेला माझ्या पाठीमागे, टेबलावरच्या निळ्या पिंजऱ्यात, सरकी गज चावत असायची. कट-कट-कट, जरा थांबून परत कट-कट. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की त्याच्या ठेक्यावर मी वेणी घालायचे. सरकी म्हणजे माझी हॅमस्टर. गव्हाच्या रंगाची, मुठीत धरली तर नाक तेवढं बाहेर राहील एवढी. कापसात गुरफटून झोपली की अगदी बोंडातल्या सरकीसारखी दिसायची, म्हणून सरकी. मी वळून पाहिलं तर ती कापसाच्या ढिगावर आडवी होती, डोळे उघडे, आणि मागचा एक पाय विचित्र लांब झालेला. बोट लावलं तेव्हा कळलं, पायाला कापसाचा तंतू आवळून बसलाय, इतका बारीक की तो दिसतच नाही, त्याच्या खालचा जांभळा पंजा तेवढा दिसतो. मी ओरडले नाही. मागच्या वर्षीची मी असते तर ओरडले असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे नुसती उभी राहिले असते. पण जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनात मी माईक हातात घेऊन अख्ख्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं होतं, आणि तेव्हापासून माझ्या आत कुठेतरी एक उंच जागा तयार झाली आहे. तिथे उभं राहिलं की सगळं स्पष्ट दिसतं. मी म्हटलं, "आई, कात्री आण. छोटी." आणि आई कणकेच्या हातांनी आली.

माझ्या आईने तोवर सरकीला एकदाही हात लावला नव्हता. "तुहा उंदीर" म्हणायची. तुह्या उंदराले दाणे टाकले का, तुह्या उंदराचा वास येऊन राहिला. पण त्या सकाळी तिने ओढणीला हात पुसले, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि मला म्हणाली, "धर म्हनू नको. कसं धरू ते सांग." हे वाक्य मी कधी विसरणार नाही. मोठी माणसं इतक्या सहज विचारत नाहीत. मी सांगितलं, मानेमागून आणि पोटाखालून, आणि तिने तस्सं धरलं, जणू आयुष्यभर हॅमस्टरच धरत आली. मी कात्रीचं टोक त्या तंतूखाली सरकवलं. "हात हालू देऊ नको," आई हळूच म्हणाली, आणि माझा हात हलला नाही. तंतू तुटला. सरकीने पहिली गोष्ट काय केली, तर आईच्या अंगठ्याला कडकडून चावली. आईने सोडलं नाही. "चावली," ती म्हणाली, दूधवाला आला म्हणावं तशी, आणि मग तिला अलगद खाली ठेवलं. शाळा बुडवून मी सरकीला बुटाच्या खोक्यात घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. रांगेत माझ्या पुढे दोन शेळ्या, मागे म्हशीचं वगारू. शेळीवाले बाबा खोक्यात वाकून म्हणाले, "काय हाय वो पोरी?" मी म्हटलं हॅमस्टर. "दूध देते का?" मी म्हटलं, नाही. "मंग अंडे?" मी म्हटलं, बाबाजी, ती फक्त असते. त्यांनी यावर बराच विचार केला आणि म्हणाले, "बराबर हाय. आमचा शिवम बी तसाच हाय." डॉक्टर मॅडमनी पाय पाहिला, वाचेल म्हणाल्या. कापूस सगळा काढ, कागद कापून घाल. मग त्यांनी विचारलं, गज चावते का? मी आनंदाने म्हटलं, हो, रोज, मी वेणी घालते तेव्हा. त्या म्हणाल्या, "हौस म्हणून नाही चावत बेटा. जागा कमी पडते तिला." घरी येऊन मी हे आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "होळीपरेंत नीट घर पाय तिच्यासाठी. नाई सापडलं तं जिथून आली तिथं दुकानात देऊन ये. ज्याले घर देता येत नाई, त्याले घरात आनू नये." ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी भांडले असते. तिने नुसता नियम सांगितला होता, आणि मला आतून माहीत होतं की तो खरा आहे.

आणि तो कापूस साधा नव्हता, हेच तर त्यातलं दुखणं. दर्यापूरजवळ माझ्या आबांचं, नत्थुजींचं, काळ्या मातीचं शेत आहे. वेचणी सुरू करायच्या दिवशी तिथे सीतादही असते. म्हणजे शेतात पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच पहिलं बोंड वेचायचं. त्या दिवशीचा कापूस आबा विकत नाहीत. देवासाठी त्याच्या वाती होतात, घरात बाळ आलं तर त्याची पहिली उशी होते. माझी झाली होती. आबा संक्रांतीला आले तेव्हा सरकी नवीन होती, कागदाच्या कपट्यांत झोपलेली होती, आणि ते पाहून त्यांचं तोंड उतरलं. "कापसाच्या मुलखात लेकरू रद्दीवर झोपून राह्यलं?" ते आईला म्हणाले. "सूनबाई, लोकं काय म्हनतीन?" पुढच्या खेपेला त्यांनी जीपमध्ये मांडीवर धरून पिशवी आणली, पहिल्या दिवसाचा कापूस, आणि स्वतःच्या हातांनी पिंजऱ्यात अंथरला. त्यांची बोटं जाड, भेगाळलेली, पण कापूस पसरताना ती पाण्यात फिरवल्यासारखी फिरत होती. सरकी त्यात शिरली, गोल झाली, दिसेनाशी झाली. आबा खुर्ची ओढून बसले आणि खूप वेळ तिकडे पाहत राहिले. किती सुंदर दिसत होतं ते! मी अजूनही म्हणेन, सुंदर होतं. एवढ्या प्रेमाने दिलेली गोष्ट पायाला आवळू शकते, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं, आबांना आणि सरकीला. मी पिंजऱ्यातला कापूस उचलून टाकायला निघाले तेव्हा आईने पिशवीतला न वापरलेला कापूस माझ्या हातून काढून घेतला आणि दुपारभर बसून त्याच्या फुलवाती वळल्या. आबांना फोनवर सांगितलं, "मामंजी, तुमचा कापूस देवापाशी लावून राहिली. पोरीच्या सरकीले आता मोठं घर पाहतो आमी." एक शब्द खोटा नाही, आणि आबांना दुखेल असा एक शब्द नाही. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, सूत्रसंचालन याला म्हणतात.

घर पाहायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायला लागलं. आधी मी आचलला घेऊन त्या दुकानात गेले. आचल माझी मैत्रीण, सरकी तिच्याच ओळखीने आली होती. दुकानात एका काचेच्या पेटीत खूप हॅमस्टर एकमेकांच्या अंगावर झोपलेले असतात आणि येणारा प्रत्येक पोरगा काचेवर टकटक करतो. आधीही मी ते पाहिलं होतं, पण तेव्हा गोड वाटलं होतं. आता मला सगळ्यांचे पाय मोजावेसे वाटले. पिंजरे गुलाबी, जांभळे, त्यांना घसरगुंड्या आणि नळ्या, आणि मधली जागा आमच्या पोळीच्या डब्याएवढी. एक मोठा होता, पण त्याच्या किमतीत आमच्या घरी कूलर आला असता. आचल म्हणाली, "पाय ना, याले बाल्कनी हाय." मी म्हटलं, "तिले बाल्कनी नाई पाह्यजे, तिले खोदाले पाह्यजे." कारण मी आता वाचलं होतं. ती मूळची रानातली, जमिनीखाली राहणारी. तिला माझ्या कोपरापर्यंत खोल भुसभुशीत काहीतरी हवं, ज्यात ती बोगदे करेल, आणि वर धावायला लांबच लांब सपाट जागा, आणि पाय अडकणार नाही असं भरीव चाक. आणि ऊन अजिबात नको. मी माशांची पेटी पाहिली, महाग आणि काचेची, उन्हाळ्यात भट्टी. प्लास्टिकचा मोठा डबा पाहिला, तो चालला असता, पण बाबांनी बोटाने वाजवून पाहिला आणि म्हणाले, मे महिन्यात याच्यात अंडं उकडेल. रात्री अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून मी भूमितीच्या वहीत घरं काढायचे. खरं म्हणजे मला गंमत वाटत होती. आमच्या घरात माझी अशी खोली नाही, बाहेरच्या खोलीतला दिवाण आणि खिडकीजवळचं टेबल माझं. आणि मी एका मुठीएवढ्या जीवासाठी दिवाणखाना, कोठार, झोपायची खोली आखत होते. मला तिचं कौतुक वाटायला लागलं होतं. तिला बोलता येत नव्हतं, तरी तिने रोज सकाळी दातांनी सांगितलं होतं, हे पुरत नाही. मी चौदा वर्षं कुठे काय सांगितलं होतं? शाळेत शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे, हजेरीला 'हजर' म्हणायचे ते बाईंना दोनदा विचारावं लागायचं. संमेलन झाल्यावर घरी येताना आई स्कुटीवर मागे बसली होती. माझी वेणी सारखी करत म्हणाली, "तुहा आवाज मांगच्या खुर्चीपरेंत आला." बास, एवढंच. गाडी बाबा चालवत होते, मी दोघांच्या मध्ये होते, आणि त्यानंतरचे तीन चौक मी नुसती हसत होते.

पण घर पाहणं म्हणजे आई. अमरावतीत आम्ही तीन भाड्याची घरं बदलली, आणि तिन्ही घरं तिने भर दुपारी पाहिली. लोक संध्याकाळी जातात, वारा असतो, घर चांगलं दिसतं. आई वैशाखात, ऊन डोक्यावरून कलल्यावर, डोक्याला दुपट्टा बांधून जायची आणि मला बरोबर न्यायची. मालक नळ दाखवायचा, फरशी दाखवायचा, आई 'हो हो' म्हणत सरळ भिंतीपाशी जायची आणि तळहात टेकवायची. एक भिंत, दुसरी भिंत. डोळे मिटायची. मला तेव्हा लाज वाटायची, मी तिच्या मागे लपायचे. शेगाव नाक्याजवळच्या एका घराचे मालक हसले होते, "बाई, घर पाहून राहिल्या का ताप पाहून राहिल्या?" आई म्हणाली, "घराले ताप असन तं मानसाले बी येते, भाऊ." ते घर आम्ही घेतलं नाही. हे आत्ताचं घर तिने एका भिंतीसाठी घेतलं. स्वयंपाकघराच्या बाहेर, वळणावर, जिला पलीकडून शेजाऱ्यांच्या घराची पाठ लागलेली आहे आणि दिवसभरात कुठूनच ऊन लागत नाही. आईने तिथे हात टेकवला आणि डोळे उघडलेच नाहीत बराच वेळ. मग म्हणाली, "इथं माठ." आमच्या घरी फ्रिज आहे, पण पाणी माठाचंच पितात सगळे, आणि आमच्या माठाच्या पाण्याची कीर्ती अशी की सिलिंडरवाला गजेंद्र वरच्या मजल्यावर सिलिंडर देऊन खास पाणी प्यायला खाली येतो.

आई ही भिंतीची विद्या कुठून शिकली, ते मला अकोल्यात कळलं. रविवारी आम्ही दोघी मामीकडे गेलो, जयवंता मामीकडे, म्हणजे आईच्या माहेरीच. मामीने बरीच वर्षं घराच्या पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान चालवलं, आणि आता गुडघे दुखतात म्हणून बंद केलं. मी हॅमस्टरच्या घराबद्दल तिच्याशी फोनवर बोलत होते तेव्हा तिला मध्येच सुचलं की काउंटर पडून आहे. मी काउंटर पाहिला आणि हरखलेच. सागवानी, लांब, मी आडवी झोपू शकेन एवढा, पुढून आणि वरून काच, मागून सरकती लाकडी दारं, आत लोणच्याच्या बरण्या. "उंदरासाठी काउंटर!" मामी कपाळाला हात लावून म्हणाली. "माय वो, माह्या लग्नाच्या वक्ती तुह्या मायनं मले एवढं पारखून नाई पाह्यलं, जेवढं हे पेटी पाहून राहिली." कारण आई तेव्हा काउंटरच्या आत कोपरापर्यंत हात घालून लाकडावर तळहात फिरवत होती. "तुले काय पाहाचं होतं, वैनी," आई आतूनच म्हणाली, "तू तं हातभर लांबून थंड लागत होती." मामी इतकी हसली की तिला बसावं लागलं. मग मामीनेच मला मागची खोली दाखवली, आता तिथे नवीन स्लॅब आहे, पण आई लहान असताना वर टिनपत्रे होते. "अकोल्याचा मे, आन वरतं टिन. तुही माय अभ्यासाले बसे तं जागा बदलत जाये. भिंतीले हात लावून लावून. सकायी हे भिंत, दुपारी ते भिंत, मांजरीवानी." मी वळून पाहिलं. आई त्या खोलीत आली होती आणि अगदी सहज, जाता जाता खांद्याला लागावा तसा, कोपऱ्यातल्या भिंतीला तिचा हात लागला. नववी-दहावीतली एक मुलगी पुस्तक छातीशी धरून भिंतीभिंतीने सरकते आहे, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मला तिला हाक मारावीशी वाटली. कोणत्या नावाने मारणार? मी तिला फक्त आई म्हणून ओळखते. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं की हे पुरत नाही. तिने हाताने शोधत शोधत जागा काढली, स्वतःपुरती, मग आमच्यापुरती.

मामीने पैशाचं नाव काढू दिलं नाही. आईने तिला आबांच्या कापसाच्या फुलवातींची पुडी दिली, मामीने ती डोळ्यांना लावली, झाला व्यवहार. मामीच्या शेजारचे संघपालदादा छोटा हत्ती टेम्पो घेऊन संत्री आणायला अमरावतीकडे रिकामेच निघाले होते. काउंटर मागे दोरांनी आवळला, आम्ही दोघी पुढे. मूर्तिजापूरला फाटक लागलं तेव्हा दादांनी विचारलं, "ताई, दुकान टाकून राहिल्या का?" मी आईकडे पाहिलं. 'उंदरासाठी' असं ती म्हणाली असती तर मला वाईट वाटलं नसतं, खरंच. आई समोर रुळांकडे पाहत म्हणाली, "नाई, घर. आमच्या सरकीसाठी." आमच्या म्हणाली. फाटक उघडलं. दादा म्हणाले, "हाव, लेकीच्या नावानं करून ठेवलेलं चांगलं," आणि आम्ही दोघी बडनेरा येईपर्यंत एकमेकींकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर फुटलो असतो हसून.

वरची काच आम्ही काढली आणि तिथे स्टीलची जाळी ठोकली, मी धरली, आईने ठोकली, बाबांनी अंगठा ठेचून घेतला. आत कागदाचे कपटे, कोपराएवढे खोल. शाळेतल्या कोऱ्या कागदांच्या कातरणांची पोती मी आणि आचल सायकलवर आणली होती. आबांनी ज्वारीची कणसं पाठवली, तेवढ्याने त्यांचं समाधान झालं. सगळं झालं आणि मग प्रश्न आला, ठेवायचा कुठे. एवढं लांब लाकूड बाहेरच्या खोलीत, माझ्या खिडकीजवळच मावेल. मी तसं म्हटलंही. होळी परवावर होती, ऊन कडक व्हायला लागलं होतं. दुपारी आईने घरातली सगळी कामं थांबवली आणि ती भिंती पाहत फिरली, आमच्याच घरात, जणू पहिल्यांदाच आली. माझ्या टेबलामागची भिंत. तिथे हात ठेवून तिने मान हलवली. दिवाणामागची, तिथेही. देवघराची. मी तिच्या मागे मागे, कारण मला कळत होतं की ही शेवटची परीक्षा आहे आणि काउंटर कितीही छान असला तरी भिंत नसेल तर आई नियम मोडणार नाही. मी मनात दुकानातली काचेची पेटी पाहिली, आणि टकटक करणारी बोटं. आई स्वयंपाकघराबाहेरच्या वळणावर आली. तिने भिंतीला हात लावलाच नाही. कशाला लावेल? ती वाकली, माठावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं, ओगराळं काढलं, माठ दोन्ही हातांनी कवेत घेतला आणि मला म्हणाली, "तिवई उचल. पाहून राहिली काय?"

संध्याकाळी बाबांनी खिडकीजवळच्या माठातून पाणी घेतलं, एक घोट प्यायले आणि पेल्यात पाहिलं. "पानी असं काऊन लागते?" आई म्हणाली, "पाहुनी आली ना. चांगली जागा पाहुनीले देतात." बाबांनी वळणावरच्या काउंटरकडे पाहिलं, मग आईकडे, आणि उरलेलं कोमट पाणी एका दमात संपवून म्हणाले, "गोड हाय." सरकी मात्र त्या सगळ्या वाड्यात एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. मोठी जागा मिळाली की पहिल्यांदा असंच होतं, मला माहीत आहे, माईक हातात आल्यावर पहिला मिनिटभर माझंही झालं होतं.

धुळवडीनंतरची सकाळ. शाळेला जायला मी वेणी घालत होते, रिबन दातांत, आणि परत तेच झालं. काहीच आवाज नाही. माझी बोटं थांबली. आतली ती उंच जागा एकदम गायब. मी तशीच, एक वेणी सुटलेली, वळणावर गेले. काचेतून कपटेच कपटे, वर सपाट रान, चाक स्थिर, सरकी कुठेच नाही. हाक मारावी तर ती कुठे ओ देणार. मी डोळे मिटले आणि लाकडावर तळहात टेकवला. थंड. भिंतीचा गारवा लाकडात उतरला होता, माठाचा उतरायचा तसा. आणि मग हाताला लागलं, कानाला नाही, हातालाच, खोल कुठेतरी खालून, खरखर-खरखर, थांबून परत खरखर, कुणीतरी घाई न करता, मनासारखी, आपली वाट खोदत होतं. मी हात उचललाच नाही. स्वयंपाकघरातून तव्याचा आवाज थांबला.

"हाय का ताप?" आईने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. रिबन अजून दातांतच होती.

"आँ?"

मी रिबन दातांतून काढली, आणि मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं, "नाई!"